फुकट वाटलेली हॉकी कार्डं : ग्वाल्हेरात बसून संग्रह कसा करावा

कॅप्टन रूपसिंग स्टेडियमचं नाव काढलं की ग्वाल्हेरातलं शेंबडं पोरही सांगतं : २४ फेब्रुवारी २०१०, सचिनच्या दोनशे धावा. ज्यांच्या नावाचं स्टेडियम, त्या रूपसिंगांनी ११ ऑगस्ट १९३२ रोजी लॉस एंजेलिसला ऑलिंपिकच्या हॉकी सामन्यात अमेरिकेवर एकट्याने १० गोल चढवले होते. भारत २४, अमेरिका १. हे सांगणारे आता शहराच्या लश्कर या जुन्या भागातही बोटावर मोजण्याइतके उरलेत. त्या काळी सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची चित्रं निघायची. त्यात आपला एखादा हॉकीवाला सापडेल का, म्हणून मी शोध सुरू केला आणि जाऊन पडलो तो भलत्याच हॉकीत, बर्फावरच्या. कारण हॉकी कार्ड म्हणून जगात जे काही जमवलं जातं, त्यातलं बहुतेक कॅनडाच्या आइस हॉकीचं आहे.

त्यातही मला लळा लागला तो प्रमोशनल कार्डांचा. दुकानात पाकीट विकत घेऊन मिळणारं कार्ड वेगळं आणि दुसरंच काहीतरी खपवण्यासाठी सोबत दिलेलं कार्ड वेगळं. सिगारेट, गोळ्या, सिरप, ओट्स, बर्गर, कॉफी, पेट्रोल, अशा कशाकशासोबत ही कार्डं वाटली गेली. आपल्याकडे बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटची कार्डं यायची, त्यातलाच हा प्रकार. देणाऱ्याला सिरप विकायचं होतं, घेणाऱ्याला दोन दिवस खेळायचं होतं, जपून ठेवायचा विचार कुणाच्याच मनात नव्हता. म्हणून ती दुर्मिळ झाली. पण सगळी नाही, आणि नवा संग्राहक फसतो तो इथेच.

आधी वाटप समजून घ्या

कार्ड हातात आलं की खेळाडू कोण, हे मागाहून बघा. पहिला प्रश्न असा : हे कुणी, कुणाला आणि कशाबरोबर दिलं? दुर्मिळपणा, खोटेपणा, किंमत, सगळं या उत्तराला बांधलेलं आहे.

सुरुवात तंबाखूपासून झाली. पाकीट मऊ कागदाचं असायचं, सिगारेटी वाकू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे, मग त्या तुकड्यावर चित्र छापायला लागले. १९११-१२ च्या हंगामातला कॅनडाचा ‘सी५५’ हा ४५ कार्डांचा संच त्यातला. गोलरक्षक जॉर्ज व्हेझिनाचं पहिलं कार्ड त्यातच आहे. ही कार्डं आपल्या नेहमीच्या पत्त्यापेक्षा लहान असतात. मोठ्या आकाराचं ‘सी५५’ कुणी दाखवलं तर हसून पुढे जा.

मग गोळ्या-चॉकलेटवाले आले. विल्यम पॅटरसन कंपनीने १९२३-२४ मध्ये ४० कार्डांचा संच काढला. पूर्ण संच जमवणाऱ्याला बक्षीस होतं. आता बक्षिसं फार द्यावी लागू नयेत यासाठी काय करायचं? एक कार्ड अगदी मोजकं बाहेर सोडायचं. २५ क्रमांकाचं बर्ट कॉर्बोचं कार्ड आज इतकं दुर्मिळ आहे की बाकी ३९ जमवून हात टेकलेले संग्राहक आहेत. कॉर्बो हा काही त्या संचातला सगळ्यात मोठा खेळाडू नव्हे. त्याच्या कार्डाची किंमत त्याच्या खेळावर नाही, कंपनीच्या हिशेबावर ठरली.

माझा सगळ्यात लाडका प्रकार ‘बी हाइव्ह’. कॅनडात ओंटारिओतल्या सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनीचं मक्याचं सिरप होतं, आपल्या काकवीच्या जातीचं. डब्यावरचा कागद कापून पत्राने पाठवायचा, सोबत हव्या त्या खेळाडूचं नाव लिहायचं. कंपनी त्याचा फोटो घरी पाठवायची. १९३४ ला सुरू झालेली ही योजना १९६७ पर्यंत चालली. हे फोटो नेहमीच्या कार्डापेक्षा बरेच मोठे. संग्राहक त्यांचे तीन गट करतात : १९३४ ते ४३, १९४४ ते ६३ आणि १९६४ ते ६७. गंमत कुठे आहे बघा. पोरं मागणार कुणाला? मोठ्या नावाच्या खेळाडूंना. म्हणजे नामवंतांचे फोटो ढिगाने गेले आणि दोन हंगाम बाकावर बसून घरी गेलेल्या एखाद्या राखीव खेळाडूचा फोटो मागितला फक्त त्याच्या चुलत भावंडांनी. आज नामवंताचा फोटो परवडतो, अनोळखी नावाचा परवडत नाही. दुकानातल्या कार्डांचा नियम इथे बरोबर उलटा होतो. हा एक मुद्दा कळला की विक्रेत्याच्या यादीत तुमची नजर आपोआप भलत्याच नावांवर जायला लागते, आणि विक्रेत्यालाच ते ठाऊक नसेल तर तिथेच स्वस्तात चांगला माल सापडतो.

ओट्ससारख्या धान्याच्या खोक्यावर छापलेली कार्डं पोरांनी कात्रीने कापली. म्हणून सरळ कडांचं कार्ड चांगलं, आणि न कापलेला अख्खा पुठ्ठा त्याहून कितीतरी चांगला. पोलीस संचांची गोष्ट आणखी वेगळी. गस्तीवरचे पोलीस मुलांना एकेक कार्ड द्यायचे, मागे रस्ता सुरक्षेचा नाहीतर व्यसनाविरुद्धचा उपदेश छापलेला. एका मुलाला दोन-चार कार्डं मिळणार, पूर्ण संच मिळणार कसा? पेट्रोल पंपांवर एसोने १९७०-७१ मध्ये २५२ स्टँप वाटले, अल्बममध्ये चिकटवायचे. तिथे सुटे, मागे गोंद शाबूत असलेले स्टँप शोधायचे.

याउलट मॅक्डोनल्ड्सची १९९१-९२ पासूनची कॅनडातली कार्डं आणि टिम हॉर्टन्स या कॉफीवाल्यांची २०१५ पासूनची कार्डं भरपूर आहेत. नवशिक्याने हात बसवायला तीच घ्यावीत. पूर्ण संच थोड्या पैशात होतो, चुकलं तर जीव हळहळत नाही.

आता सापळा. १९९० च्या आसपास कार्डांचा बाजार असा फुगला की प्रत्येक कंपनीने नमुना कार्डं काढली आणि प्रदर्शनांत, मासिकांबरोबर, दुकानदारांना मुठी भरभरून वाटली. मागे इंग्रजीत ‘प्रोमो’, ‘प्रोटोटाइप’ किंवा ‘सॅम्पल’ असा शिक्का असतो. तो शिक्का म्हणजे दुर्मिळपणाचा दाखला नव्हे. त्यातली काही खरोखर कमी आहेत, बाकीची पोत्याने पडलीत. आणि परवाना न घेता खाजगीत छापलेली कार्डंही ‘प्रोमो’ म्हणूनच खपवतात. कार्डाच्या मागे कंपनीचं नाव, स्वामित्वहक्काची ओळ, लीगचं चिन्ह, यातलं काहीच नसेल तर ते कार्ड कुणाच्या तरी छापखान्यातून आलंय, लीगकडून नाही.

एकच गल्ली धरा

सगळं जमवायला गेलात तर काहीच जमत नाही. एक योजना, एक दशक किंवा एक संघ धरा. मी ‘बी हाइव्ह’चा दुसरा गट धरला, त्यातही फक्त टोरोंटो. का? भाचा तिथे राहतो, दुसरं काही शास्त्र नाही.

यादी आणि सांकेतिक क्रमांक

‘सी५५’ किंवा ‘व्ही१४५’ (वरचा पॅटरसनचा संच) अशा नावांमागे जेफरसन बर्डिक हा अमेरिकन संग्राहक आहे. त्याने जुन्या छापील कार्डांची सूची केली आणि प्रकारानुसार अक्षरं दिली. कॅनडाच्या तंबाखूच्या कार्डांना सी, गोळ्या आणि च्युइंगगमच्या कार्डांना व्ही. बर्डिकचा स्वतःचा अफाट संग्रह आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याची अक्षरं जगभर चालतात, त्यामुळे शोधताना कंपनीच्या नावापेक्षा हा क्रमांक टाकला की जास्त सापडतं.

संचाची पूर्ण यादी छापून भिंतीवर लावा. मोबाइलवर नको. भिंतीवरची यादी रोज जाता-येता वाचली जाते आणि महिनाभरात नावं तोंडपाठ होतात. मग लिलावाच्या पानावर दोनशे फोटोंत तुमच्या कामाचं नाव पटकन दिसतं.

कुठे शोधायचं

ईबे हाच मोठा बाजार. पण चालू लिलावाचे आकडे बघून भाव ठरवू नका, मागणारा काहीही मागतो. विकल्या गेलेल्या वस्तूंची गाळणी लावा, तो खरा भाव. शोधशब्दांत खेळाडूचं नाव टाकण्याआधी सिरपचं, कॉफीचं, पंपाचं नाव टाका. अशा कार्डांना कॅनडातले संग्राहक ‘ऑडबॉल’ म्हणतात, तो शब्दही कामाला येतो. नावाचं स्पेलिंग चुकलेल्या जाहिराती मुद्दाम बघा, तिथे गर्दी कमी असते.

ग्वाल्हेरच्या कबाड्याकडे कॅनडाचं कार्ड मिळेल अशा भ्रमात राहू नका. पण जुन्या घरांतली रद्दी चाळत राहा, कशासाठी ते पुढे येतं.

परदेशी नात्यातलं कुणी असेल तर सोनं. माझा भाचा टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला असतो. त्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाला, “मामा, कॉफी मी प्यायची आणि कार्ड तुम्हाला?” आता तोच दर हंगामात संच पूर्ण करून ठेवतो आणि आईला म्हणजे माझ्या ताईला सांगतो की मामाने मला व्यसन लावलं. तिथे दर वर्षी हॉकी कार्ड दिन असतो, दुकानांत फुकट पाकिटं वाटतात, तेही तो रांगेत उभा राहून आणतो.

खरं-खोटं ओळखणं

इथे वेळ घालवा. बाकी कुठेही घाई चालेल.

माझा अनुभव सांगतो. एका परदेशी विक्रेत्याकडून १९२० च्या दशकातलं गोळ्यांच्या कंपनीचं कार्ड घेतलं. वर्णनात ‘जुन्या घरगुती संग्रहातून’ असं होतं. फोटोत कोपरे झिजलेले, रंग पिवळट, मागे पेन्सिलीने कुणा पोराने काढलेली रेघ. डोळ्याला सगळं ठीक. घरात आजोबांच्या ट्रंकेत संस्थानी काळातलं, ‘ग्वालियर’ असा छापा मारलेलं एक पोस्टकार्ड होतं. रात्री दिवा मालवला, दोन्ही शेजारी ठेवली आणि नोटा तपासायची जांभळी बॅटरी मारली. पोस्टकार्ड मातकट, मेल्यासारखं पडून राहिलं. कार्ड मात्र निळसर पांढरं लखलखलं, नवा धुतलेला सदरा चमकावा तसं. कागदात पांढरेपणासाठी घालतात ते रसायन साधारण १९५० नंतर रुळलं, त्यामुळे त्याआधीचा कागद असा चमकत नाही. झिजलेले कोपरे कुणीतरी घासले होते आणि पिवळेपणा चहाचा असावा. आई बाजूला उभी होती. म्हणाली, “एवढ्या पैशात दोन किलो गजक आली असती.” पैसे परत मिळाले, कारण व्यवहार त्या बाजाराच्या आत केला होता, थेट खात्यावर पाठवले नव्हते.

तर तपासणीचा क्रम असा. आधी पट्टीने मापा. त्याच संचातलं एखादं साधं, स्वस्त आणि नक्की खरं कार्ड आधी विकत घेऊन ठेवा, तो तुमचा मानदंड. संशयित कार्ड त्यावर ठेवलं की एक बाजू जराशी आत आली तर कडा कापून कार्ड नवं केलेलं असू शकतं. कागदाची जाडी, वजन, मागच्या बाजूचा रंग, हेही त्या मानदंडाशीच ताडायचं.

मग दहापट भिंग. सराफ्यात वापरतात तसलं चालतं. चित्र न बघता अक्षरं बघा. खऱ्या जुन्या छपाईत काळी अक्षरं भरीव असतात, कडा स्वच्छ. कार्ड स्कॅन करून पुन्हा छापलं असेल तर अक्षरंसुद्धा बारीक ठिपक्यांची बनलेली दिसतात, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी, कडेला विस्कटलेली. ‘बी हाइव्ह’ फोटोंत उलट बघायचं : ते फोटो आहेत, चेहऱ्यावर ठिपक्यांची जाळी दिसली तर शंका घ्या.

कडाही बोलतात. ओ-पी-ची या कॅनडाच्या कंपनीची त्या काळची कार्डं तारेने कापली जायची, त्यामुळे कड खरबरीत असते. आइस हॉकीतला सगळ्यात नामवंत खेळाडू वेन ग्रेट्झ्की, त्याचं १९७९-८० चं १८ क्रमांकाचं कार्ड अगदी गुळगुळीत कडांचं समोर आलं तर खुश होऊ नका, शंका घ्या. ते प्रमोशनल नाही, पण त्याच्या नकला इतक्या आहेत की डोळा तयार करायला त्याहून चांगला धडा नाही. याचंच एक निर्दोष कार्ड २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरला गेलं. अशा बातमीनंतर दोन आठवडे कुठलंच कार्ड घेऊ नका, सगळीकडे भाव चढलेले असतात.

ग्रेडिंग, म्हणजे तज्ज्ञ संस्थेकडून तपासून प्लास्टिकच्या पेटीत बंद करून घेणं, ही सोय इथून महाग पडते. पीएसए किंवा एसजीसीसारख्या संस्थांकडे जाणं-येणं, विमा, शुल्क, सगळं धरा आणि कार्ड त्याच्या कित्येक पट मोलाचं असेल तरच पाठवा. महागडं कार्ड घ्यायचंच असेल तर आधीच ग्रेड झालेलं घ्या आणि पेटीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीत पडताळा.

पैसे आणि टपाल

बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ॲपमधून चालू करावे लागतात. खरेदी झाली की पुन्हा बंद करा. हिशेब करताना कार्डाची किंमत, टपालखर्च, बँकेचा चलन बदलण्याचा आकार आणि इथली कस्टम ड्युटी, अशी चारही एकत्र मांडा. दोनशे रुपयांचं कार्ड घरी येईपर्यंत दीड-दोन हजारांचं होणं ही रोजची गोष्ट आहे. म्हणून एकाच विक्रेत्याकडून आठ-दहा कार्डं जमू द्या, मग एका पाकिटात मागवा. विक्रेत्याला “गिफ्ट” लिहायला सांगू नका, किंमत खोटी लिहिली की पाकीट अडकू शकतं आणि हरवलं तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच. सीएन२२ या कस्टमच्या कागदावर साधं ‘जुनी छापील कार्डं’ आणि खरा आकडा असावा.

पाकीट उघडताना मोबाइलवर चित्रण करा, सील दिसेल असं. आमच्या महाराज बाड्याच्या पोस्टाच्या पायऱ्यांवर बसून मी एकदा अधीरपणे पाकीट फाडलं, आतलं कार्ड दुमडलेलं निघालं आणि ते आधीच दुमडलेलं होतं हे मला पटवता येईना.

ग्वाल्हेरची हवा

कॅनडातली पुस्तकं सांगतात की कार्ड थंड, कोरड्या जागी ठेवा. त्यांना आपला मे महिना माहीत नाही. पारा ४५ च्या वर, पश्चिमेची दगडी भिंत रात्री दहापर्यंत तापलेली. त्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका, घराच्या आतल्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीला ठेवा.

त्याहून मोठा शत्रू कूलर. उन्हाळाभर आपण पाण्याचा कूलर लावतो, बाहेर लू आणि खोलीत पावसाळा. कागद दिवसा ओल पितो, रात्री सोडतो आणि हळूहळू धनुष्यासारखा वाकतो. कार्डं कूलरच्या खोलीत कधीच नकोत. पावसाळ्यात पुन्हा तेच. शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक डब्यात ठेवा आणि आकडा ४० ते ५५ मध्ये राहील असं बघा. सिलिका जेलच्या रंग बदलणाऱ्या पुड्या घ्या, रंग बदलला की कढईत मंद आचेवर दाण्यांना पुन्हा कोरडं करता येतं. (कढई स्वयंपाकाची नको. हे मला सांगितलं गेलं, ज्या भाषेत ते इथे लिहीत नाही.)

कार्ड आधी स्लीव्हमध्ये म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, मग टॉपलोडरमध्ये म्हणजे कडक प्लास्टिकच्या खोळीत. स्लीव्हचं प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीनचं असावं. स्टेशनरीच्या दुकानातली वास येणारी मऊ पीव्हीसी फोल्डरं स्वस्त असतात, पण काही वर्षांत ती चिकट होतात आणि छपाई ओढून घेतात. ‘बी हाइव्ह’चे मोठे फोटो नेहमीच्या टॉपलोडरमध्ये मावत नाहीत, त्यांना आम्लरहित पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत आडवं ठेवा. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि होळीनंतर, सगळं बाहेर काढून बघणं हाच उपाय. मी ते एका दुपारी उरकतो, पंखा बंद करून.

वही

प्रत्येक कार्डाला वहीत एक ओळ : कुठून आलं, कधी, एकूण किती पडलं, माप किती, काय दोष. आणि एक रकाना ‘वाटप’ असा. तिथे लिहायला काही सुचत नसेल तर कार्ड घेताना तुम्ही पहिला प्रश्न विचारलाच नव्हता.

आणि रूपसिंग?

जर्मनीत हॅम्बुर्गच्या रीम्ट्स्मा या सिगारेट कंपनीने १९३६ च्या ऑलिंपिकचे दोन अल्बम काढले, पहिला हिवाळी खेळांचा, दुसरा बर्लिनचा. पाकिटात चित्र नसायचं, कुपन असायचं. कुपनं जमवून दिली की चित्रं मिळत आणि ती अल्बममध्ये चिकटवायची. म्हणजे पुन्हा ‘बी हाइव्ह’सारखंच. १५ ऑगस्ट १९३६ ला भारताने जर्मनीला ८-१ हरवलं, त्या संघात ध्यानचंद आणि रूपसिंग दोघे भाऊ होते, म्हणून आपला हॉकीवाला शोधायचा तर या दुसऱ्या अल्बमात. अल्बम हिटलरच्या राजवटीतला आहे आणि त्याचा मजकूर तसाच आहे, हे मनात ठेवून घ्या. तो दुर्मिळही नाही, लाखो लोक सिगारेट ओढत होते. कुणी ‘अतिदुर्मिळ’ म्हणून विकायला आला तर नमस्कार करा. सुटं चित्र घेतलंत तर मागे संचाचा आणि चित्राचा क्रमांक छापलेला हवा आणि गोंदाचे डाग असले तर भाव निम्मा लावा. अल्बम फोडून चित्रं विकणारे बरेच आहेत, त्यांच्याकडून मी घेत नाही.

रद्दी चाळत राहा म्हटलं ते याचसाठी. लश्करातल्या जुन्या वाड्यांत शिंद्यांच्या फौजेतल्या लोकांच्या ट्रंका अजून आहेत. सामन्याचं पत्रक, संघाचा फोटो, छापील निमंत्रण, यातलं काही फुकट वाटण्यासाठीच छापलेलं असतं आणि त्याची सूची कुणीच केलेली नाही. घरच्यांना विचारून, तिथेच चहा पिऊन, मोबाइलवर फोटो काढून या. वस्तू मागू नका. तिसऱ्या-चौथ्या खेपेला घरचेच स्वतःहून म्हणतात, “घेऊन जा बाबा, तुझ्याकडे राहील तरी.”

दुहेरी झालेली कार्डं विकायची किंवा बदलायची असतील तर पाठवतानाची एक गोष्ट. टॉपलोडरच्या तोंडावर चिकटपट्टी लावा, पण तिचं टोक दुमडून ठेवा म्हणजे समोरच्याला कात्री लागणार नाही. दोन जाड पुठ्ठ्यांत दाबून बांधा आणि पुठ्ठ्याच्या रेषा एकमेकींना आडव्या येऊ द्या, तशी घडी पडत नाही. बाहेरच्या पाकिटावर ‘हॉकी’ किंवा ‘दुर्मिळ’ असलं काहीही लिहू नका.